किसन मळा गार्डन

नांदगाव पेठच्या अलीकडे आमचा मळा होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. आता तिथे कमान आहे आणि कमानीवर 'किसन मळा गार्डन' असं लिहिलंय. मळा आणि वर गार्डन! 'रिटर्न वापस' येणाऱ्या आणि 'लेडीज बाया' म्हणणाऱ्या आमच्या मुलखात त्याला कोणी हसत नाही. मीही हसलो नव्हतो. किसनराव माझे वडील. जमीन विकताना अटी मीच लिहिल्या, आणि मळ्याचं नाव राहिलं पाहिजे ही पहिली अट. बिल्डर लगेच हो म्हणाला. नाव ठेवायला त्याच्या बापाचं काय जात होतं?

गेल्या महिन्यात माझ्या मुलीला सव्वा महिना झाला. आमच्यात तेव्हा बाळंतीण विहीर पूजते, ओटी भरते, बाळाला पाणी दाखवते. मला, माझ्या आत्यांना, सगळ्यांना मळ्यातल्याच विहिरीवर नेलेलं. त्या दिवशी माय, लीलाबाई, सकाळीच ताट घेऊन तयार.

"घरचा नळ पूजू ना," मी म्हटलं. "आता सगळे तेच करतात."

"नळाले तळ असते काय? चाल गुमान."

गेटवर डोमाजी वॉचमन. दहा वर्षं यानेच आमच्या वांग्यांना पाणी दिलेलं. मान खाली घालून तो वहीत आमची नावं लिहायला लागला.

"काहून लिहून राहिला रे? मले वळखत नाई?"

"नियम हाय, काकू."

आत विहीर नव्हती. फरशी होती, मधोमध कोरडं कारंजं होतं आणि शेजारी पाटी, 'विहीर वेल पॉइंट'. विहीर दोन भाषांत लिहिलेली, आणि जमिनीत एकही नाही. उन्हाळ्यात मलबा टाकून बुजवली, असं डोमाजीने सांगितलं.

माझी बायको रूपाली बाळाला पदराखाली घेऊन उन्हात उभी होती. माय कारंज्यात वाकून बघत होती.

"पानी कुठी हाय याच्यात?"

"संध्याकाळी सोडते, काकू. बटन हाय त्याचं."

माय माझ्याकडे वळली. "कुंदन, बिल्डरले कागद दाखव. विहिरीचं लिहिलं होतं ना तू?"

नव्हतं लिहिलं. विहिरीचं आणि तिच्या वाटेचं लिही, असं बाबांनी मरायच्या आधी दोनदा बजावलं होतं. पण त्या एसी ऑफिसात बाळंतिणीच्या पूजेची गोष्ट काढायची मला लाज वाटली. शिकलेला ना मी!

"नावाचं लिहिलं होतं," मी म्हणालो.

मायने हळदकुंकवाचं ताट माझ्या हातात दिलं. "मंग पूज नावाले."

दुसऱ्या दिवशी ती दोघींना घेऊन तिच्या माहेरी, मूर्तिजापूरकडे गेली. तिथे मामांच्या विहिरीवर माझ्या मुलीला पाणी दाखवलं. मला बोलावलं नव्हतं.