बॅटवाल्याच्या मागे

मी एक जुना कोलाज आहे, मित्रांनो. म्हणजे रद्दीतल्या कात्रणांचं चित्र. प्रताप नगरच्या एका शाळेत, चित्रकलेच्या वर्गाबाहेर, अठरा वर्षांपासून टांगलेला.

मला गार्गी नावाच्या नववीतल्या मुलीने बनवलं. घरची रद्दी उपसून तिने खेळाडू कापले आणि जाड पुठ्ठ्यावर डकवले. खळ मैद्याची, झुरळांनी खाऊ नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलेली. कोपऱ्यांत पहिलवान, धावपटू, फुटबॉलवाले. मधोमध मात्र दोन वितींचा फलंदाज, पुढे पाय टाकून चेंडू टोलवणारा. माझा सगळा जीव त्याच्यावर. पहिलं बक्षीस मिळालं ते त्याच्याच जोरावर, असं मी अजूनही मानतो. पुढे काच फुटली, कडा पिवळ्या पडल्या, मुलं मला पाठ टेकून डबे खाऊ लागली. गार्गी शिकून याच शाळेत चित्रकला शिकवू लागली, म्हणून मी अडगळीत गेलो नाही, एवढंच.

परवा पालकसभेला कामिनीताई आल्या. हिंगण्याच्या एका कारखान्यात त्या पॅकिंगला आहेत. पहिली पाळी उरकून तशाच गणवेशाच्या साडीत आल्या होत्या. सोबत आठवीतली लेक, रितिका. एरवी लोक मला पाहतात ते नंबर लागेपर्यंत वेळ जावा म्हणून. या मात्र नाक लावून पाहू लागल्या.

“हा बॅटवाला मले पाठ आहे,” त्या म्हणाल्या. “याच्या मागं मी आहो.”

“आई, काहीही सांगून राहिली तू!” रितिका इकडेतिकडे बघत पुटपुटली.

“खोटं काहून सांगू वं? खो-खो खेळत होती मी. फायनलचा फोटो आला होता पेपरात. क्रिकेट शेवटच्या पानावर, आमी त्याच्या मागच्या. जपून ठेवला होता, पण माहेरचं घर बदललं तवा गेला.”

लेकीचा विश्वास बसला नव्हता, ते दिसतच होतं. तिच्या लेखी आई म्हणजे डबा, पाळी आणि कंपनीची बस. एकच पुरावा, आणि तो माझ्या पोटात पालथा पडलेला.

गडबड ऐकून गार्गीमॅडम बाहेर आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “खळ आहे, भिजवलं तर सुटेल. पण फाटलं तर दोन्हीकडचं जाईल, ताई.”

“राहू द्या मंग. तुमचं बक्षिसाचं चित्र आहे.” कामिनीताई माझ्यापासून एक पाऊल मागे सरकल्या.

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. आणि लगेच लाजही वाटली. अठरा वर्षं या बाईचं तोंड पुठ्ठ्याला दाबून मी मिरवत होतो.

“मीच डकवलं, मीच काढते,” म्हणत गार्गीमॅडम ओला फडका घेऊन बसल्या.

अर्धा तास लागला. फलंदाज सुटला, पालथा झाला. मागे खांबाकडे झेपावणारी मुलगी होती खरी. पण गार्गीची कात्री बॅटच्या कडेने फिरली होती, त्यात मुलीचं डोकंच गेलं होतं. खालचं नावही गेलं होतं. उरलं होतं धड आणि ताणलेला हात. गार्गीमॅडमचा चेहरा पडला. “मागे पाहिलंच नव्हतं मी,” एवढंच त्या बोलल्या.

रितिका वाकली. कात्रणातल्या हाताची करंगळी बाहेरच्या अंगाला वाकडी होती. तिने आईचा हात ओढून कात्रणाशेजारी ठेवला.

“आई, हे तं तुयीच करंगळी आहे. हीच धरून मी रोड क्रॉस करत होती.” आणि जरा थांबून, “मंग? समोरची आउट झाली का?”

“झाली ना!” कामिनीताई हसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

आता माझ्या मधोमध तीच बाजू वर आहे. फलंदाजाची आठवण येते, नाही असं नाही. येणारेजाणारे विचारतात, ही बिनडोक्याची कोण? मधल्या सुट्टीत रितिका मैत्रिणींना ओढून आणते आणि बोट ठेवून सांगते, कोण ते.

मित्रांनो, कात्री चालवण्याआधी कागद एकदा पालथा करून बघा. मागच्या पानावर कुणाची तरी आई असते.