पाठीला पत्रा असलेला रॅक

हरेशकडे बरोबर आठ दिवस होते. आई, म्हणजे पुतळाबाई, द्रोणागिरीला लेकीकडे, रंजिताकडे गेली होती आणि पुढच्या रविवारी परत येणार होती. तेवढ्यात गॅरेजच्या मधोमध भिंत उभी राहायला हवी होती, पण कुणी भिंत म्हणणार नाही अशी.

असली भानगड माणूस उगाच करत नाही. कोपरखैरण्याच्या गावठाणात हरेशच्या कैलासवासी वडिलांनी, हिरामणशेठनी घर बांधलं ते दोन पोरांचा हिशोब धरून. खाली गॅरेज, गॅरेजच्या मागे म्हातारा-म्हातारीची खोली, पहिल्या मजल्यावर थोरला हरेश, दुसऱ्यावर धाकटा धनेश. गॅरेजात डावीकडे हरेशची गाडी, उजवीकडे धनेशचे साउंडचे खोके. धनेश हळदीच्या कार्यक्रमांना डीजे लावतो. तीन वर्षांपूर्वी एक खोका बाहेर काढताना हरेशच्या नव्याकोऱ्या गाडीच्या दारावर वीतभर ओरखडा गेला. धनेश म्हणाला, "मी नाय केला." हरेश म्हणाला, "मग काय भुतानी केला?" तेव्हापासून भावाभावांचं बोलणं बंद. ओरखडा गॅरेजवाल्याने अर्ध्या दिवसात घालवला असता, पण हरेशने तो मुद्दाम तसाच ठेवला. रोज सकाळी ऑफिसला निघताना तो त्याच्याकडे बघायचा आणि दिवसभराचा राग भरून घ्यायचा.

मग एक दिवस हरेशने गवंडी आणला. विटा उतरल्या, सिमेंटच्या गोण्या आल्या. पुतळाबाई खोलीतून बाहेर आल्या आणि सरळ विटांच्या ढिगावर जाऊन बसल्या. ना ओरडल्या, ना रडल्या. संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या. शेवटी दोघा मुलांना समोर उभं केलं, दोघांचे हात आपल्या डोक्यावर ठेवले आणि म्हणाल्या, "मी जिती हाय तवर या घरान भित घालाची नाय. बोला."

दोघेही "नाय" बोलले. विटा परत गेल्या. हरेश तसा कुणाला भिणारा नव्हता, पण आईच्या डोक्यावर हात ठेवून दिलेला शब्द मोडायची त्याची छाती नव्हती. त्याने पिवळ्या ऑइलपेंटने फरशीवर मधोमध एक रेघ मारली आणि त्या रेघेवर दोन वर्षं काढली. धनेशची एखादी वायर रेघेच्या अलीकडे आली, की तो ती पायाने पलीकडे लोटायचा. धनेशही काही कमी नव्हता. गाडीचा आरसा रेघेपलीकडे गेला, की तो खाली येऊन मुद्दाम दिसेल असा मोबाइलवर फोटो काढायचा.

रॅकची अक्कल सुचिताची. हरेशची ही बायको दिसायला गरीब, पण जावेला पाण्यात पाहण्यात तिने नवऱ्याला कधीच मागे टाकलं होतं. आई लेकीकडे गेल्या त्याच संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता ती म्हणाली, "अहो, आईंनी भिंत नको सांगितलं ना? रॅक नको, असं कुठे सांगितलं?"

लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण बायकोचं इतकं कौतुक हरेशला पहिल्यांदाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोघे महापेला गेले. एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावर लोखंडी रॅक बनवणारं एक दुकान होतं. मालकाचं नाव दिलीप. कानाला पेन्सिल, हातात टेप. त्याने दोघांना प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या आणि या धंद्यातला पहिला, अगदी साधा प्रश्न विचारला.

"रॅकवर ठेवणार काय?"

सुचिताने हरेशकडे पाहिलं, त्याने सुचिताकडे. घरून निघताना त्यांनी लांबी मोजली होती, उंची मोजली होती, रेघेपासून अंतर मोजलं होतं. ठेवायचं काय, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

"बरण्या," सुचिता म्हणाली. "लोणच्याच्या."

"मग सहा फूट उंच घ्या. बारा इंच खोल. चार खण. दोघांत मिळून उचलून न्याल."

"नऊ फूट दोन इंच," हरेश म्हणाला. "स्लॅबला टेकला पाहिजे. आनि अठरा फूट लांब."

दिलीपने पेन्सिल कानावरून काढली. "एवढ्या बरण्या?"

"तुमी बनवा ना. तुमाला काय करायचंय?"

"मला काय करायचंय म्हणजे? साहेब, नऊ फुटाला बारा इंच खोली ठेवली तर धडकन अंगावर येईल. पंधरा तरी पाहिजे. खाली बोल्ट मारून फरशीत फिक्स करावा लागेल, आणि खालचा खण वजनाने भरलेला पाहिजे. रिकामा रॅक उभा राहत नाही." त्याने नमुन्याचा पत्रा वाजवून दाखवला. "हा बावीस गेज. बरण्यांना चालेल."

"जाड दाखवा. चोवीस नाय का?"

"चोवीस याच्यापेक्षा पातळ असतो. आकडा वाढला की पत्रा पातळ."

हरेशच्या कानाची पाळी लाल झाली. महापेच्याच एका कंपनीत तो सुपरवायझर होता आणि पत्र्याचं गेज आपल्याला कळत नाही, हे बायकोदेखत उघडं पडलेलं त्याला अजिबात आवडलं नाही. "अठरा लावा मग," तो गुरकावला. "आनि पाठीला पण अठराचाच."

"पाठीला पत्रा कशाला? उघडा ठेवा. हवा खेळते, सामान दोन्ही बाजूंनी काढता येतं."

"दोन्ही बाजूंनी काढायचंच नाय!" सुचिता एवढ्या जोरात म्हणाली, की मागे वेल्डिंग करणाऱ्या माणसाने मान वर केली.

दिलीप समजायचं ते समजला असावा. नवी मुंबईत रॅक विकणाऱ्या माणसाने अशी गिऱ्हाइकं पाहिली नसतील असं नाही. पण धंद्याची सवय जाईना. "चाकं लावून देऊ? कधी हलवायचा झाला तर…"

"भिंतीला कोन चाकं लावतो काय?" हरेश बोलून गेला.

दिलीपने वहीत लिहिलं, चाकं नको.

शुक्रवारी माल आला. दोन फिटर आले, ड्रिलने अख्खी गल्ली दणाणून सोडली. हरेशने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती आणि मनात एक वाक्य घोटून ठेवलं होतं. धनेश भांडायला आला, की शांतपणे म्हणायचं, "भिंत कुठाय? रॅक हाय. स्वतःच्या घरात रॅक लावायला परमिशन लागते का?" त्याने ते वाक्य आरशासमोरसुद्धा म्हणून पाहिलं होतं.

रेघेचा मात्र त्याने मान राखला. रॅकचे पंधराच्या पंधरा इंच त्याने आपल्याच बाजूने घेतले. धनेशला बोट दाखवायला सूतभर जागा ठेवायची नाही, हा हट्ट. पाठीचा पत्रा बरोबर रेघेवर आला. मागच्या टोकाला तीन फूट जागा सोडली, कारण तिथे आईच्या खोलीचं दार होतं.

दुपारी धनेश आला. हातात हेल्मेट होतं. त्याने रॅकच्या पाठीकडे पाहिलं, फिटरकडे पाहिलं, आणि एक शब्दही न बोलता जिना चढून वर गेला. हरेशचं वाक्य तोंडातल्या तोंडात राहिलं. त्याला अगदी फसवल्यासारखं वाटलं. भावाने शिव्या घातल्या असत्या तर रात्री सुखाने झोप लागली असती.

शिवाय आणखी एक गोष्ट झाली. संध्याकाळी गाडी आत घेतली तेव्हा गाडी गेली, पण दार फूटभराच्या वर उघडेना. सुचिता कशीबशी निघाली असती. हरेशचं पोट निघणं शक्य नव्हतं. दोन वेळा प्रयत्न करून त्याने गाडी रिव्हर्स घेतली आणि गल्लीत लावली. ज्या गाडीसाठी हे सगळं रामायण घडलं, ती आता उन्हात आणि कुत्र्यांच्या तावडीत उभी राहणार होती. सुचिता शनिवारभर रॅकचे खालचे खण भरण्यात गुंतली होती. जुने पाटे, बंद पडलेला मिक्सर, रद्दी, पाण्याने भरलेले कॅन. बरणी एकच निघाली.

रविवारी सकाळी दहाला पुतळाबाई रिक्षातून उतरल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत लेकीने दिलेलं सुकट. गॅरेजच्या तोंडाशी त्या थबकल्या.

"ह्यो काय?"

"रॅक हाय, आये," हरेश म्हणाला. घोटून ठेवलेलं वाक्य आईसाठी नव्हतं.

पुतळाबाई जवळ गेल्या. त्यांनी रिकाम्या खणात हात घालून पाठीच्या पत्र्यावर बोटं आपटली. मग वाकून खणातून पलीकडे बघायचा प्रयत्न केला.

"रॅक मना कलतो रं. बाजारान रोज बघतंय. पलीकडचा मानूस दिसत नाय त्याला भित म्हनतान." त्यांचा आवाज चढला नाही. "माजे डोक्यावर हात ठेवलवतास ना? मग मी मेले काय?"

"आये, तसं नाय…"

"मग कसा?"

हरेशला खरोखरच भीती वाटली. पन्नाशीला टेकलेला माणूस, कंपनीत चाळीस जणांवर हुकूम चालवणारा, आणि आईसमोर शाळकरी पोर झाला. त्याला लाज वाटली आणि त्या लाजेचाही धनेशवरच राग आला. सुचिता डोळ्यांनी नको नको म्हणत असताना त्याने टूलबॉक्स उघडला, पाना घेतला आणि पहिल्या बोल्टला लावला. बोल्ट अठरा गेजच्या पत्र्यात घट्ट बसला होता. तो जोर लावून अर्धा फिरवतो न फिरवतो, तोच पत्र्यापलीकडून आवाज आला.

"काढू नको."

तीन वर्षांनी धनेश भावाशी बोलला होता. पुतळाबाईंचा चेहरा एकदम उजळला. "धनेश! तू हायेस व्हय तिकडं? ये बाला, ये. भावाला हात लाव. दोगं मिलून काढा."

"नको, आये. ऱ्हाऊ दे." आवाजात राग नव्हता, हेच ऐकायला वाईट होतं. "मी इकडून हुक पन मारलेत. वायरी टांगल्यात. बरं झालं त्यानी केलं ते. मीच करनार होतो, पन माझी हिंमत नवती होत."

हरेशचा हात थांबला. भावाचं हे बोलणं त्याला पटलं, आणि ते पटलं याचंच त्याला आश्चर्य वाटलं. तीन वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं होतं. पुतळाबाई मात्र एवढा वेळ थोरल्यालाच गुन्हेगार समजत होत्या. धाकटा आपल्या बाजूचा आहे या भरवशावर त्यांनी त्या दिवशी विटांवर बैठक मारली होती. त्या हळूहळू रॅकच्या टोकाशी गेल्या, आपल्या खोलीच्या दाराशी. तिथून दोन्ही बाजू दिसत होत्या. डावीकडे हरेश, उजवीकडे धनेश.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग मी कंचे बाजूला?"

आईचं जेवण कुणाकडे, आईच्या बीपीच्या गोळ्या कुणी आणायच्या, दवाखान्यात कुणी न्यायचं, हे आजवर कधी ठरलंच नव्हतं. गॅरेज उघडं होतं, ज्याला ती आधी दिसेल तो करत होता. आता ठरवायला लागणार होतं. हरेशला वाटलं, धनेश बोलेल, धाकट्यावर तिचा जास्त जीव आहे. पत्र्यापलीकडे धनेशही नेमका तसाच गप्प उभा होता.

पुतळाबाईंनी तेवढा वेळ वाट पाहिली, जेवढा वेळ आई पाहते. मग पिशवी खांद्यावर नीट केली, हरेशच्या बाजूने नाही आणि धनेशच्याही बाजूने नाही, खोलीच्या मागच्या मोरीच्या दाराने बाहेर पडल्या, आणि कोपऱ्यावर चहाला थांबलेल्या त्याच रिक्षावाल्याला त्यांनी हाक मारली. रंजिताच्या घरचा पत्ता त्याला आधीच ठाऊक होता, तिथूनच सकाळी त्याने त्यांना आणलं होतं.

हरेश पाना धरून तसाच उभा होता. त्याने जावं, आईचा हात धरावा, असं त्याला फार वाटलं. पण आधी गेलो तर आईला आपणच सांभाळायचं असं ठरेल, हेही त्याला कळत होतं.

"अहो, बोल्ट सैल ठेवू नका," सुचिता म्हणाली. "अंगावर पडेल कुणाच्या."

हरेशने पाना उलटा फिरवला आणि बोल्ट घट्ट केला.