फुली आणि ठिपका

जायला हवा होता तो लाल ठिपका, आणि गेली ती फुली.

तो जागच्या जागी थांबला. डावा डोळा तळहाताने गच्च झाकलेला, उजवा समोर रोखलेला – काळ्या पाटीवर डावीकडे पांढरी फुली, उजवीकडे लाल ठिपका, दोन्ही चांगले बशीएवढे, बघायचं ते एवढंच – आणि ठिपका मजेत आपल्या जागेवर बसलेला, पण जिच्याकडे बघायचं ती फुलीच नाही. तिथे काळं काही आलंय म्हणावं तर तसंही नाही. काळं असतं तर बरं होतं, निदान काहीतरी आहे असं म्हणता आलं असतं. तिथे नुसती पाटीच पाटी... जणू फुली कधी कुणी काढलीच नव्हती.

"काका, ठिपका गेला का?" शेजारच्या पोरीने विचारलं. ही पोरगी शाळेच्या बसमध्ये त्याच्या मागच्याच सीटवर बसायची आणि चढल्यापासून उतरेपर्यंत विचारत राहायची, म्हणून त्याने मनातल्या मनात तिचं नाव प्रश्नपत्रिका ठेवलं होतं. पाटीखालची सूचनाही तिनेच वाचून दाखवली होती, कारण तो म्हणाला होता की चष्मा गाडीत राहिला. चष्मा त्याला कधी नव्हताच.

"गेला," तो म्हणाला.

"मग अजून एक पाऊल पुढे या. परत येतो."

तो एक पाऊल पुढे आला. "आला," म्हणाला.

"घाबरू नका, असं पण लिहिलंय इथे. प्रत्येकाच्या डोळ्यात एक आंधळी जागा असते, म्हणे."

असते ना. पण सगळ्यांची ती कडेला असते, घरातल्या अडगळीसारखी, जिथे कुणाचं काही अडत नाही. माझी ऐन दारात येऊन बसलीय.

मुळात त्याने आत यायलाच नको होतं. बस खाली लावायची, सीट मागे टाकायची आणि पोरं तारे-बिरे बघून येईपर्यंत पडून राहायचं, असा त्याचा साधा बेत होता. पण वर्गाच्या बाई पडल्या हौशी. "एकटे बसून काय माश्या मारणार आहात? चला, तुम्हीपण बघा," म्हणाल्या, आणि नाही म्हणायला त्याला काही सुचलं नाही. हल्ली हेच व्हायचं. नाही म्हणायला कारण लागतं, आणि खरं कारण सोडून दुसरं कुठलंच वेळेवर आठवत नाही. या सहलीलाही त्याने असंच हो म्हटलं होतं. शाळेचा रोजचा रस्ता त्याला पाठ होता – कुठे खड्डा, कुठे वळण, कुठल्या फाटकातून कुणाचा कुत्रा धावत येतो – तो रस्ता तो डोळ्यांनी कमी आणि अंगाने जास्त चालवत होता. पण ही वेधशाळा टेकडीवर. रस्ता नवा, वळणावळणाचा, एका बाजूला दरी. येताना ऊन होतं, तरी उतरल्यावर शर्ट पाठीला चिकटलेला होता. आणि आता तास-दोन तासांत अंधार पडणार, पोरं दुर्बिणीतून बघणार, मग त्याच रस्त्याने खाली... पुढचं त्याने मनाला बोलूच दिलं नाही.

दिवाणखान्याएवढ्या त्या खोलीत पोरांचा नुसता धुमाकूळ चालला होता. छताला टांगलेला एक लांबलचक लंबक सावकाश झुलत होता आणि खालच्या गोलात उभ्या केलेल्या खुंट्यांतली एखादी मध्येच पाडत होता. पोरं पडलेल्या खुंटीसाठी टाळ्या वाजवायची. त्याला टाळ्या ऐकू यायच्या, पण खुंटी पडताना दिसायची नाही. बघायला गेलं की नाही, मान जरा वळवली की आहे, आणि तोवर ती आडवी झालेली. एका कोपऱ्यात चंद्रावरचं वजन सांगणारा काटा होता, त्यावर बसमधल्या मावशी उभ्या राहिल्या होत्या. मुलांना चढवणं-उतरवणं, शेंबूड पुसणं, भांडणं सोडवणं हे त्यांचं काम. आकडा बघून म्हणाल्या, "मला आता तिकडेच ठेवा. इथे जिने चढून गुडघे गेले." बाई हसल्या, पोरं हसली. तोही हसला, पण मावशी त्याच्याकडेच बघताहेत असं त्याला वाटलं. असंही वाटायला लागलं होतं हल्ली. समोरच्याच्या चेहऱ्याच्या जागी धुकं असलं की तो आपल्याकडेच बघतोय असं वाटतं.

मावशी हल्ली जरा जास्तच करतात, असं त्याचं मत होतं. आधी मागे बसायच्या, पोरांमध्ये. त्या दिवसापासून पुढे येऊन दाराजवळ उभ्या राहायला लागल्या... तो दिवस त्याला आठवायचा नव्हता. बाजाराच्या वळणावर हातगाडी ढकलत एक म्हातारी आली आणि त्याच्यापुरती ती आलीच नाही. मोकळा रस्ता होता, लख्ख, धुतल्यासारखा – आणि मावशी किंचाळल्या, आणि त्याने ब्रेक दाबला, आणि गाडीच्या नाकासमोर, हात लावला तर लागेल इतक्या जवळ, म्हातारी शून्यातून उगवली. ती शिव्या देत होती. त्या शिव्या इतक्या गोड त्याने जन्मात ऐकल्या नव्हत्या. "ऊन आलं हो डोळ्यांवर," तो मावशींना म्हणाला होता. आभाळ भरलेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मावशी पुढे उभ्या. "समोर सायकल आहे हो. पोर पळतंय बघा. सिग्नल लाल झाला." त्याला राग यायचा. मला काय दिसत नाही का, असं एकदा म्हणालाही होता.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तो कुणाला न सांगता गेला होता. पडद्याचा मधला भाग झिजतोय, दोन्ही डोळ्यांत, आता भरून यायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले, मग लिहिता लिहिता सहज म्हणाले, "गाडी-बिडी चालवत नाही ना?" तो म्हणाला, "छे. शिपाई आहे शाळेत." किती चटकन आलं ते. जणू ओठांवरच ठेवलेलं होतं. मग काय सांगायचं होतं? हातात पहिल्यांदा स्टिअरिंग आलं तेव्हा मिसरूड फुटायची होती. त्याच्या आधीचं काही आठवत नाही आणि त्याच्याशिवाय दुसरं काही येत नाही. माणसं त्याला ड्रायव्हर म्हणून हाक मारतात, सासरचेसुद्धा. ते काढून घेतलं तर खाली काय उरतं, हे त्याला माहीत नव्हतं आणि बघायचंही नव्हतं. घरी बायको वेगळ्याच संशयाने पोखरली होती. "माझ्याकडे बघून बोला की," ती म्हणायची. "कुणाकडे लक्ष असतं तुमचं?" आणि तो तिच्या कानाकडे, खांद्याकडे, मागच्या कपाटाकडे बघत राहायचा, कारण तेवढं केलं तर ती राहायची. तुझ्याकडे बघितलं की तू जातेस गं, हे कसं सांगायचं बायकोला...

मान वळवून गाडी हाकायची सवय अशीच लागली. नजर डाव्या कडेला ठेवायची, मग रस्ता उजव्या बाजूने आपणहून डोळ्यात शिरतो. पोरांना ती त्याची ऐट वाटली. त्यांनी नाव ठेवलं, तिरपेकाका. सगळी बस ओरडायची – तिरपेकाका आले. त्याला ते आवडायचंही. हसणाऱ्याला संशय येत नाही.

अंधारून आलं तसं त्यांना वर घुमटात नेलं. घुमटाची फट उघडलेली, तिच्यातून आभाळाची एक पट्टी दिसत होती आणि आत एक मंद लाल दिवा. दुर्बीण दाखवणारे गृहस्थ गळ्याला मफलर गुंडाळून शिडीशी उभे होते. आज ताऱ्यांमधला एक ढग लावलाय, ते म्हणाले, तेजोमेघ. फार फिका आहे, घाई करू नका. पोरं एकेक करून शिडीवर चढू लागली. पहिला म्हणाला, काहीच नाही. दुसरीपण म्हणाली, काहीच नाही. तिसऱ्याने डोळा लावला न लावला आणि "दिसला, दिसला" म्हणत खाली उतरला.

"खोटं," गृहस्थ शांतपणे म्हणाले. "मागे रांग असली की निम्मे लोक दिसला म्हणून मोकळे होतात. मोठी माणसं तर हमखास. लाज वाटते ना, आपल्यालाच दिसत नाही याची."

तो रांगेच्या शेवटी भिंतीला टेकून उभा होता. ते त्यालाच बोलले असं वाटून त्याचे कान तापले.

"युक्ती सांगतो," गृहस्थ म्हणाले. "त्याच्याकडे सरळ बघू नका. सरळ बघितलं की तो पळतो. जरा बाजूला बघा, कडेला, म्हणजे आपणहून येईल. डोळ्याचा मधला भाग उजेडातला राजा. अंधारात त्याचं काही चालत नाही, तिथे कडेचा भाग कामाला येतो."

मग प्रश्नपत्रिकेचा आवाज आला, "म्हणजे तिरपेकाकांसारखं."

सगळा घुमट हसला. आणि मग शिडीवर चढणारं प्रत्येक पोर मान वाकडी करू लागलं, खालीही रांगेत सगळी तशीच उभी राहिली, नाक एकीकडे आणि डोळे दुसरीकडे, लाल उजेडात सगळ्यांच्या माना त्याच्यासारख्या. वरून आवाज येत होते – आला, आला, खरंच आला. त्याला आधी गंमत वाटली. मग वाटेना. इतके महिने एकट्याने, कुणाला कळू न देता जे केलं, ते आता अख्खा वर्ग करून दाखवत होता, आणि करायला किती सोपं होतं, किती उघड दिसत होतं ते.

"आता काकांना, काकांना," पोरांनी त्याला पुढे ढकललं. तो शिडी चढला. भिंगाला डोळा लावला आणि त्याला काहीच करावं लागलं नाही; नजर आपली आपणच जिथे रोज जाते तिथे, बाजूला जाऊन बसली, आणि तो होता तिथे – फुंकर मारल्यासारखा ढग, एका टोकाला दाट, दुसरीकडे विरत गेलेला, त्याला एक शेपूट, आणि शेपटाच्या पलीकडे अजून एक लहानसा. पहिल्यांदाच, कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच, एखादी गोष्ट त्याच्यापासून पळत नव्हती. "शेजारी अजून एक आहे बारका," तो म्हणाला.

गृहस्थ चकित झाले. "तो बऱ्याच जणांना महिनाभर सराव करूनही दिसत नाही. नेहमी आकाश बघता वाटतं?"

"नाही," तो म्हणाला. "मी गाडी चालवतो."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. तो शिडी उतरत असताना, अगदी जवळून, प्रश्नपत्रिकेचा आवाज आला. "काका, पण तुम्ही गाडी चालवताना असं का बघता? दिवसा तर उजेड असतो ना."

"चल गं, पुढे हो," बाई म्हणाल्या. बाईंना ते ऐकू गेलं होतं, कळलं नव्हतं. तो कठड्याला धरून उभा राहिला. मघाशी हसणाऱ्यांत मावशींचा आवाज नव्हता, हे त्याला तेव्हा कळलं.

खाली बसजवळ पोरं मोजून आत बसवली गेली. बाई मागे जाऊन बसल्या. तो दाराशी आला तेव्हा मावशी पायरीवर उभ्या होत्या, वाट अडवून असं नाही, पण बाजूलाही झाल्या नाहीत.

"दादा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. एरवी पोरांसमोर त्याही काकाच म्हणायच्या. "येताना उजेड होता. मी होते पुढे, बोलत होते. आता कसं करायचं?"

"काय कसं करायचं?"

"अंधारात मलापण कमी दिसतं हो."

मलापण. तो त्या शब्दाजवळच थांबून राहिला. रागाने, भीतीने, की कुणीतरी अखेर दार लोटून आत आलं म्हणून, त्याला कळेना. म्हणजे हे सगळे दिवस ही बाई... आणि मी तिच्यावर चिडत होतो. तो त्यांच्या बाजूने वर चढला, सीटवर बसला. सवयीने दिवे लावले. समोरच्या फाटकावर उजेड पडला, फाटकाच्या कडा दिसल्या, दोन खांब दिसले. मधून रस्ता खाली जातो हे त्याला माहीत होतं. फक्त माहीत होतं. किल्ली भोकात होती, ती त्याने फिरवली नाही. काढून मुठीत धरली. नाही म्हटलं तर उद्या मी कोण? पण हा प्रश्न, जो इतके महिने छातीवर बसून होता, तो आज कसा कोण जाणे, लहान झाला होता. त्याच्या जागी दुसरं काहीतरी येऊन बसत होतं, त्याहून कितीतरी मोठं, आणि त्याला नाव द्यायची हिंमत त्याच्यात नव्हती.

मागे पोरांचा खेळ चालूच होता. वरच्या आरशात, कडेने, ती सगळी दिसत होती – माना वाकड्या करून एकमेकांना बघणारी, खिदळणारी, कुणी कुणाच्या खांद्यावर रेललेलं. रोज तो त्यांना असंच बघायचा, आरशाच्या चौकटीकडे नजर ठेवून, म्हणजे ती राहायची. आज त्याने मान सरळ केली. आरशाच्या मधोमध बघितलं.

वर्ग गेला. खिडकीचे गज उरले, एक कोपर, कुणाच्या तरी पाण्याच्या बाटलीचा पट्टा. मध्ये नुसत्या सीटा, रिकाम्या, नीटनेटक्या, जणू त्यांच्यावर कधी कुणी बसलंच नव्हतं.

"काका, निघायचं ना?" त्या रिकाम्या जागेतून पोरीचा आवाज आला.

किल्लीचे दात तळहातात रुतत होते. पायरीवर मावशी तशाच उभ्या होत्या. त्याने किल्ली पुन्हा लावली नाही, आणि नजरही बाजूला नेली नाही.