गालातली वडी

"अहो, आधी ती वडी खाऊन टाका. मग चहा," वहिनी कुजबुजली. दादाला ऐकूच गेलं नाही.

गावप्रमुख गेनेमोन यांच्या चहाच्या खोलीत आम्ही तिघं अंग चोरून बसलो होतो: माझा भाऊ मोसुके, त्याची बायको ओताने आणि मी. दादाचं तांदळाचं गलबत वादळात भरकटलं होतं. ऐन तारुण्यात गेलेला माणूस रशियन लोकांच्या मुलखातून पिकल्या केसांनी परतला. तिकडे ख्रिस्ती झाला नाही हे पटवायला नागासाकीत येशूच्या चित्रावर पाय द्यायला लावला, तेव्हा कुठे त्याला घरी सोडलं. वर ताकीद: तिथलं काही बोलायचं नाही, करायचं नाही. केलंस तर जन्मभर पहाऱ्यात.

हा परका होऊन आला की काय, असा संशय एकट्या गेनेमोन यांनाच होता असं नाही. हा आपलाच ना, म्हणून मीसुद्धा त्याच्या पाठीवरचा तीळ शोधला होता.

"तिकडे चहा पितात का रे?" गेनेमोन यांनी मधाळ आवाजात विचारलं.

"आठवत नाही, मालक."

शहाणा माझा भाऊ! पण लगेच त्याने साखरेची वडी गालात धरली, वाडगा उचलला आणि वडीवरून चहा सुर्रकन ओढला. आमच्याकडे गोड संपल्याशिवाय वाडग्याला कुणी हात लावत नाही.

"ही कुठली रीत?" गेनेमोन यांचा आवाज बदलला.

वहिनीने आपली वडी गालात कोंबली, दादाच्या हातातला वाडगा घेतला आणि तसाच सुर्रकन आवाज काढला.

"माझ्या माहेरची, मालक. मीच लावली यांना खोड. गावंढळ माणसं आम्ही!"

ती हसली. खरं तर तिच्या माहेरी गोड नव्या वर्षालाच दिसायचं, तेही भावंडांत आळीपाळीने. गेनेमोन यांनी तिच्याकडे बघत आपला वाडगा खाली ठेवला.

"माहेरच्यांना जरा वळण लावा," ते शेवटी म्हणाले. आम्ही सुटलो.

परतताना वहिनी तरातरा पुढे चालली होती. भाताच्या बांधावर ती थांबली.

"तिकडे चहा ओतून कोण द्यायची तुम्हाला?"

दादा पायाने बांधावरचं ढेकूळ फोडू लागला.

"बाई होती?"

त्याने मान खाली घातली.

"चांगली होती?"

"होती."

मला त्याचा असा राग आला! वहिनीने मात्र पुढे होऊन त्याच्या अंगरख्याची गळपट्टी सारखी केली.

"तिचं नाव गावात कुणापाशी काढू नका," ती म्हणाली. "माझ्यापाशीसुद्धा."

मग तिने त्याला पुढे घातलं आणि आपण मागून चालू लागली.