कापलेला पहिला फूट

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, मोजायची. चामड्याची गोल डबी, बाजूला पितळेची घडीची मूठ आणि आत गुंडाळलेली पोलादी पट्टी, असे माझे रूप. जन्माने मी शंभर फुटांची. आज नव्व्याण्णव फुटांची आहे. एका शाळेच्या प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटात मला ठेवले आहे आणि खाली चिठ्ठी चिकटवली आहे, 'सदोष टेप. वापरू नये.' येणारी-जाणारी मुले ती वाचतात आणि पुढे सटकतात. त्या चिठ्ठीने माझ्या अंगाचा तिळपापड होतो. माझ्यात दोष नव्हता. तो माझ्यात घातला गेला. कोणी घातला आणि कशासाठी, ते ऐका.

मी ज्या कारखान्यात तयार झाले तिथे फरशीत एक लांबलचक पितळी पट्टी बसवलेली होती. आम्हा प्रत्येकीला तिच्या शेजारी ताणून झोपवत. जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक बाई गुडघ्यांवर रांगत रेघेला रेघ जुळते का ते पाहत असे. केसभर फरक दिसला की ती टेप भंगारात. दयामाया नाही. माझ्या आधीच्या दोघी गेल्या. मी उतरले. त्या बाईने माझ्या डबीवर ठप्पा मारला आणि "ही चालेल" एवढेच म्हणाली. पुढे मला पुष्कळ कौतुक मिळाले, पण त्या दोन शब्दांची सर कशालाच आली नाही.

दुकानातून मला एका सुताराने विकत घेतले. त्याची भाची आर्किटेक्टची परीक्षा पास झाली होती, तिला भेट म्हणून. हीच माझी मालकीण. सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही म्हणते.

ताईंचे पहिले मोठे काम म्हणजे बस चालवणाऱ्या कामगारांची वसाहत. चाळीस घरे. कागदावर एक रेघ ओढण्याआधी ताई पंधरा दिवस मला घेऊन त्या लोकांच्या जुन्या खोल्यांतून फिरल्या. पलंग मोजला, कपाट मोजले, ओट्यापाशी दोघी जणी पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या तर किती जागा लागते ते मोजले. एका ड्रायव्हरच्या आईला तर त्यांनी भिंतीपाशी उभे केले आणि म्हणाल्या, "आजी, हात वर करा बरं. जेवढा सहज जातो तेवढाच."

आजी हात वर करून हसायला लागल्या. "अगं, तू घर बांधणार आहेस की मला झंपर शिवणार आहेस?"

"घरही अंगाला बसायला हवं ना, आजी."

मी सांगितले, पाच फूट दोन इंच. त्या घरातली फळी पाच फूट दोन इंचांवरच बसली. कंत्राटदाराने कुरकुर केली की चाळीस घरांत चाळीस उंचीच्या फळ्या कोण बसवणार. ताई म्हणाल्या, "तुम्ही." आणि त्याने बसवल्या.

मग त्याच वसाहतीच्या मुलांसाठी शाळा आली. तिथे ताई वर्गात मुलांच्या शेजारी बाकावर बसल्या आणि बसलेल्या मुलाचे डोळे जमिनीपासून किती उंच असतात ते माझ्याकडून काढून घेतले. त्यावरून खिडकीचा कट्टा ठरला, सव्वादोन फुटांवर. तेव्हा तिथे एक तरुण शिक्षिका होत्या, कडक. त्या म्हणाल्या, "अहो, एवढी खाली खिडकी? मुलं दिवसभर बाहेर बघत बसतील."

"तुम्ही चांगलं शिकवलंत तर नाही बसणार," ताई म्हणाल्या.

शिक्षिका लाल झाल्या. मला वाटले आता जुंपते. पण दोन क्षणांनी त्याच खो खो हसत सुटल्या, आणि दोघींची अशी गट्टी जमली की विचारू नका. पुढे त्या शिक्षिका त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या.

शाळेच्या मागे उतार होता, दगडगोट्यांचा, आणि त्यावर अकरा मोठी झाडे. पुढे बऱ्याच वर्षांनी ताईंनी तिथे बाग करायचे ठरवले. प्रत्येक झाडाच्या बुंध्याभोवती मी गुंडाळले गेले. सर्वांत थोरल्या झाडाला मिठी मारताना माझे तेरा फूट लागले. पायवाट प्रत्येक झाडाला वळसा घालून जाणार होती, वाहून येणारे पाणी मधल्या खळग्यात थांबणार होते, बसायला दगडी पायऱ्या होत्या. नकाशा तयार झाला. पण शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांनी सांगितले, आधी शाळेची नवी इमारत, मग बाग.

आणि इथून माझ्या आयुष्याला ग्रहण लागले.

नव्या इमारतीला तीन मजले. वरच्या दोन मजल्यांवर मिळून तीनशे मुले बसणार. नकाशात जिना पाच फूट रुंद होता. ताईंनी कामगारांना पुन्हा पुन्हा बजावले होते, "पाच म्हणजे पाच. तीन मुलं शेजारी शेजारी उतरतात. गडबडीत एखादं पडलं तरी बाकीच्यांना बाजूने जाता येतं. इथे इंचाचीही कसर नको." बांधकाम अर्ध्यावर आले आणि ताईंच्या वडिलांचे ऑपरेशन निघाले. त्यांना तीन आठवडे परगावी जावे लागले. जाताना त्यांनी नकाशे आणि मला साइटवरच्या ऑफिसच्या कपाटात ठेवले, किल्ली इमारतीच्या कंत्राटदाराच्या मुकादमाच्या हातात दिली. विश्वासाने दिली.

तळमजल्यावर जिन्याला लागून अध्यक्षांची खोली होती. अध्यक्षांनी एक भलेमोठे टेबल करवून घेतले होते. ते खोलीत आणून बघितले तर खुर्चीच्या मागून जायला वाट उरेना. अध्यक्ष कंत्राटदाराला म्हणाले, "भिंत जरा सरकवून टाका. जिना काय, दिवसातून चार वेळा वापरायचा."

कंत्राटदाराने मान डोलावली. भिंत एक फूट सरकली, जिन्यात. मित्रांनो, एका टेबलासाठी! तीनशे मुले ज्या टप्प्यावरून शेवटी खाली येणार, नेमका तोच टप्पा चार फुटांचा झाला.

पण पालिकेचे इंजिनियर मोजायला येणार होते. हे इंजिनियर ताईंना चांगले ओळखत. ताईंच्या कामात खोट निघत नाही, हे त्यांनी चारचौघांत अनेकदा बोलून दाखवले होते. मुकादमाला ते ठाऊक होते. त्याने कपाट उघडले, मला बाहेर काढले, लोखंड कापायची कात्री आणली आणि माझा पहिला फूट कापून टाकला. टोकाची कडी काढून एकच्या रेघेवर पुन्हा ठोकून बसवली. माझा तो तुकडा, बारा सारख्या इंचांचा, वाळूच्या ढिगावर पडला आणि कुणाच्या तरी बुटाखाली गेला.

मला ओरडता आले असते तर सारी इमारत दणाणून सोडली असती.

दुसऱ्या दिवशी इंजिनियर आले. मुकादम म्हणाला, "साहेब, मॅडम नाहीत, पण त्यांची टेप आहे बघा. डबी ओळखली ना?"

"ओळखली की," इंजिनियर कौतुकाने म्हणाले. "हिच्यावर डोळे मिटून भरवसा."

मुकादमाने माझी कडी भिंतीला लावली आणि सुरुवातीचे आकडे मुठीत झाकले. दुसऱ्या भिंतीशी इंजिनियरांनी मला वाचले. पाच फूट. त्यांनी वहीत लिहिले, खाली सही केली. मी उभ्या जन्मात खोटे बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले, आणि तेही ताईंच्या नावाने. तुम्हीच सांगा, मोडक्या टेपा जगात काय कमी होत्या? त्यांना खोटी टेप नको होती, खऱ्या माणसाची टेप हवी होती.

ताई परत आल्या त्या थेट स्टेशनवरून साइटवर. नव्या वर्गांच्या खिडक्या जुन्यांसारख्याच खाली ठेवायच्या होत्या, म्हणून त्यांनी मला घेतले आणि आधी जुन्या वर्गात गेल्या. मुख्याध्यापिकाबाई तिथे सातवीच्या मुलींना भूमिती शिकवत होत्या. ताईंनी कट्ट्याला मला लावले आणि त्यांचा चेहराच उतरला.

"सव्वातीन? असं कसं होईल?"

पुन्हा लावले. पुन्हा सव्वातीन. मुख्याध्यापिका जवळ आल्या. "अगं, ती खिडकी काय रात्रीतून वर गेली? सव्वादोनच आहे ती. त्यावरून तर आपलं पहिलं भांडण."

ताईंनी माझी कडी उलटी करून पाहिली. नवा खिळा चकाकत होता. रेघा एकपासून सुरू होत होत्या. त्या मटकन बाकावर बसल्या. "हिचं तोंडच कापलंय हो कुणीतरी," एवढेच बोलल्या. मग ताडकन उठल्या आणि नव्या जिन्याकडे निघाल्या. पहिल्या पायरीवर उभ्या राहून त्यांनी नुसते दोन्ही हात पसरले, ते पुरते पसरायच्या आधीच भिंतींना टेकले, आणि काय झाले आहे ते त्यांना कळले.

"बाई, तुमच्या मुलींना पट्ट्या घेऊन बोलवा," त्या म्हणाल्या.

सातवीच्या मुली फूटपट्ट्या घेऊन धावत आल्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत त्यांनी पायरीवर पट्टीला पट्टी लावून ठेवायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. पाचवी पट्टी घेतलेली मुलगी उभीच राहिली. तिच्या पट्टीला जागाच नव्हती.

गलका ऐकून अध्यक्ष खोलीतून बाहेर आले. मागून मुकादमही आला. "टेप जुनी आहे, मॅडम," तो म्हणाला. "एखाद वेळेस घसरते."

मी घसरते! तीस वर्षे उन्हापावसात मी सुताएवढी सरकले नव्हते, आणि हा माणूस माझ्या जखमेकडे बोट दाखवून मलाच दोष देत होता!

"आणि ही फूटपट्टी? तीही घसरली?" ताईंनी विचारले.

अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, एवढं काय मनावर घेता? एक फुटाने काय आभाळ कोसळणार आहे?"

कोणी काही बोलणार तेवढ्यात पाचवी पट्टी हातात धरलेली मुलगी म्हणाली, "सर, मग तो एक फूट तुमच्या खोलीतूनच कमी करा ना."

 मग मुख्याध्यापिका पुढे झाल्या. "तिने माझ्या तोंडचं बोलून टाकलं. जिना पाच फुटांचा होईपर्यंत माझं एकही मूल वर जाणार नाही. उद्घाटनाला पाहुणे येऊ देत नाहीतर आणखी कुणी येऊ दे."

इंजिनियरांना बोलावणे गेले. ते आले, माझी कडी पाहिली आणि मान खाली घालून म्हणाले, "मी टेप बघितली, आकडे बघितलेच नाहीत. चूक माझी." त्यांनी सर्वांसमोर आपली सही खोडली. निदान एका माणसाने तरी चूक आपली म्हटली. मुकादमाने शेवटपर्यंत म्हटली नाही.

भिंत पाडली गेली. जिना पाच फुटांचा झाला. ते टेबल दारातून परत बाहेर काढताना चार हमालांना घाम फुटला आणि मुलींनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या. इथे गोष्ट संपली असती तर मी शांतपणे गंजले असते.

पण महिन्याभरात ताईंना संस्थेचे पत्र आले. 'आपल्या सहकार्याबद्दल आभार. पुढील कामांसाठी आपली आवश्यकता नाही.' बाग दुसऱ्याकडे गेली. अकरांपैकी सात झाडे तोडली, तेरा फुटांचे थोरले झाडही. उतार सपाट करून सिमेंट ओतले, आणि निसर्गाची आवड दिसावी म्हणून त्यावर सिमेंटचीच दोन हरणे उभी केली. एकाचे शिंग तर केव्हाच तुटले आहे. कंत्राटदार आणि मुकादमाचे म्हणाल तर त्यांच्या नावाची पाटी गावाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्याच एका नव्या इमारतीपुढे लागली. शिक्षा झाली ती ताईंना, झाडांना आणि मला.

ताईंना मी आता मोजायला चालत नव्हते. टाकून द्यायला त्यांचा हात धजेना. त्यांनी मला मुख्याध्यापिकांकडे दिले. "मुलांना दाखवा. काय झालं तेही सांगा," त्या म्हणाल्या. मुख्याध्यापिका निवृत्त होईपर्यंत दरवर्षी सांगत असत. त्यानंतर आलेल्या कुणीतरी कपाट आवरताना ती चिठ्ठी चिकटवली. घडलेले सगळे गेले, 'सदोष' तेवढे राहिले.

मित्रांनो, मोजायच्या वस्तूंना जपा. टेप ओली गुंडाळू नका, फूटपट्टीने मारामारी करू नका, तराजूच्या पारड्याला चिंधी बांधू नका. त्या मुक्या असतात, त्यांच्या तोंडून कुणीही काहीही वदवून घेतो. आणि कुणाचे नाव मोठे आहे म्हणून आकडा न वाचता सही करू नका.

एक काम मात्र आजच करा. घंटा झाली की दोघे मित्र सोबत घ्या आणि तुमच्या शाळेचा जिना तिघे शेजारी शेजारी उतरून बघा. कुणाचा खांदा भिंतीला घासला तर हसून पुढे जाऊ नका. तिथेच थांबा, मोठ्यांना बोलवा, आणि आमची जागा कुणी घेतली ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारा.