ताईचा माईक

मी माईक बोलतोय. हसू आलं ना? येऊ द्या. जन्मभर माणसं माझ्यातून बोलली, माझ्याशी कुणी बोललं नाही. आज माझी पाळी आहे, तेव्हा मध्ये तोंड घालू नका.

कारखान्यात एका बाईने चष्मा नाकावर ओढून माझ्या पोटात कागदाहून पातळ पडदा बसवला. त्या पडद्यावर माणसाचा श्वास आपटला की तो थरथरतो. तेच माझं ऐकणं आणि तेच माझं जगणं. वर लोखंडी जाळी, खाली काळी दांडी. दिसायला मी मुसळाचं पोर.

दुकानातल्या काचेच्या कपाटात बरेच दिवस पडून होतो. एक दिवस एक बाई आली, मागे तिचा धाकटा भाऊ. आधी आलेल्या सगळ्यांनी मला तोंडाशी धरून हॅलो हॅलो केलं होतं. या बाईने नुसता 'आ' लावला. दुकानदार फोनवर कुणाशी तरी भांडत होता, तो भांडायचा थांबला.

"हाच घेऊ," ती म्हणाली.

"ताई, बारवाले देतात की माईक. आपला कशाला?"

"दुसऱ्याच्या थुंकीत तोंड घालून गाऊ का मी? परवाच्या त्या माईकला असा वास होता, वाटलं आत उंदीर मेलाय."

या धंद्यात बऱ्याच गाणाऱ्या बाया स्वतःचा माईक बाळगतात, जसा आपण आपला कंगवा बाळगतो. तसा मी ताईचा झालो. सगळे तिला ताईच म्हणायचे. ती गायची, धाकटा आवाजाची मशीन सांभाळायचा, ढोल्या नावाचा जाडा गडी ड्रम वाजवायचा आणि एक कीबोर्डवाला होता, तो फार बोलत नसे. आईबाप लवकर गेले, म्हणून धाकट्याला ताईनेच वाढवलं होतं. नवऱ्याने दुसरा संसार थाटला, तेव्हा तिने दोन दिवस दार लावून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी गाऊन आली. मी तिच्या हातात होतो. कसली गायली होती त्या दिवशी!

या शहरातली पिण्याची सगळी ठिकाणं मी पाहिली. मालधक्क्याजवळच्या गुत्त्यात खोक्यांवर फळ्या टाकून आमचं स्टेज असायचं. हमाल लोक पाळी सुटली की यायचे, ताईचं आईवरचं गाणं ऐकून ग्लासात रडायचे आणि गाणं संपलं की एकमेकांची गचांडी धरायचे. पण ऐकायचे, जीव लावून ऐकायचे. नाचाच्या क्लबात रंगीत दिवे डोळ्यांत टोचायचे आणि ठेका छातीत. ताई म्हणायची, "इथे मी गाते की कोंबडी ओरडते, कुणाला कळायचं नाही." मोठ्या हॉटेलच्या गच्चीवरच्या बारात माणसं हळू बोलायची आणि कुणाचंच ऐकायची नाहीत. तिथला मॅनेजर एकदा आला. "मॅडम, जरा हळू गा. गिऱ्हाइकांना बोलता आलं पाहिजे."

"मग बाई कशाला बोलावलीत? फुलदाणी ठेवायची होती."

दारू सगळीकडे तीच हो. गुत्त्यात प्याला तर बेवडा, गच्चीवर प्याला तर साहेब. रडण्याची चवही तीच. मी जवळून पाहिलंय, मला शिकवू नका.

ताईचं आवडतं ठिकाण म्हणजे म्हाताऱ्यांचा क्लब. सुट्टीच्या दिवशी दुपारी तिथे लाकडी फरशीवर म्हातारे नवराबायको हातात हात घेऊन नाचायचे. एकाचे गुडघे दुखायचे, दुसरीला ऐकू कमी यायचं. पण ताईने जुनं गाणं धरलं की पावलं बरोबर पडायची.

आणि मग तिचा गळा बिघडला.

सगळ्यांच्या आधी मला कळलं. आधी सूर यायचा आणि त्याला धरून श्वास. आता नुसता श्वासच आधी यायला लागला आणि सूर मागून, लंगडत. त्यात खरखर होती, सुपात खडे फिरवल्यासारखी. धाकट्याच्या कानावर मशीनचे हेडफोन असायचे, त्यालाही ती ऐकू आली. गच्चीवरच्या बारामागे रिकाम्या बाटल्यांच्या खोलीत ताई केस विंचरत होती, तेव्हा तो म्हणाला, "ताई, आवाज बसलाय गं. डॉक्टरला दाखवून येऊ."

ताईने कंगवा खाली ठेवला.

"पुन्हा म्हणू नकोस. आई गेली, रडले, उठले. नवरा गेला, रडले, उठले. ते गाण्याच्या जोरावर उठले रे. गळाच गेला तर कशाच्या जोरावर उठू?"

धाकट्याने कंगवा उचलून तिच्या हातात दिला. आणि मग त्याने ते केलं, जे फक्त मशीनवर बसलेला भाऊच करू शकतो.

मी जे ऐकतो ते जसंच्या तसं तारेतून पुढे पाठवतो. पुढे मशीनमध्ये त्याचं काय करायचं ते मशीनवाल्याच्या हातात. धाकट्याने एको वाढवला, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून परत आल्यासारखा घुमतो आणि त्या घुमण्यात खरखर बुडून जाते. कीबोर्डवाल्याला सांगून त्याने गाण्याची पट्टी हळूहळू खाली उतरवली. ताईच्या पायाशी एक खोका असायचा, तिच्याकडे तोंड केलेला. त्यातून तिला स्वतःचा आवाज ऐकू यायचा. त्या खोक्यातही त्याने तोच सजवलेला आवाज सोडला. म्हणजे ताई गात होती एक आणि ऐकत होती दुसरंच.

"बघितलंस?" ती खाली उतरून म्हणायची. "आज वरचा सूर लोण्यासारखा लागला! आणि म्हणे दाखवून येऊ."

"लागणारच, ताई," म्हणत धाकटा वायर गुंडाळत राहायचा. घरी बोलताना आवाज ओढला की म्हणायचा, "गाऊन दमलीस, गरम पाणी पी." ती प्यायची. भावाचा शब्द होता ना.

ढोल्याने त्याला एकदा जिन्यात गाठलं. "अरे, हे पांघरूण आहे, औषध नव्हे. पांघरुणाखाली जखम बरी होत नाही, कुजते."

"मग तू सांग."

ढोल्या मिशी चावत जिना उतरला. सांगायला कुणाची छाती नव्हती. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला एकही उंदीर पुढे होईना आणि सगळे उंदीर मात्र मांजरावर जीव टाकणारे!

असं वर्ष गेलं.

म्हाताऱ्यांच्या क्लबात त्या दुपारी उन्हं फरशीवर आली होती. जोड्या नाचत होत्या. ताई गाण्याच्या ऐन वरच्या ओळीवर होती आणि वीज गेली. पंखे थांबले, मशीन मेली, पायाशी असलेला खोका मुका झाला. ढोल्याने ठेका सोडला नाही, कारण नाचणारे थांबले नव्हते. मग ताईनेही गाणं सोडलं नाही. डोळे मिटून गात राहिली.

वीज गेली तरी माझा पडदा हलतो. मला ऐकू येत होतं. आणि त्या दुपारी पहिल्यांदा तिलाही ऐकू आलं. जुनं कापड फाडावं तसा आवाज. वरच्या ओळीवर तर नुसतीच हवा.

तिने डोळे उघडले. इकडेतिकडे बघितलं. दुसरंच कुणी गातंय असं वाटलं असावं तिला. एक म्हातारी नाचता नाचता थांबली, पर्समधून बाटली काढून पुढे आली आणि फार मायेने म्हणाली, "बाई, पाणी प्या हो थोडं."

त्या मायेनेच ताई मोडली. तिने मला छातीशी धरलं आणि धाकट्याकडे वळली.

"हे कधीपासून?"

धाकटा मेलेल्या मशीनची बटणं फिरवत होता.

"मी काय विचारते?"

ढोल्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. "वर्ष झालं, ताई."

"तिघांना माहीत होतं?"

कीबोर्डवाल्याने मान खाली घातली.

"मला वाटलं, ताई," धाकटा म्हणाला, "तुला सहन व्हायचं नाही..."

"तुला वाटलं! गळा माझा, घास माझा, आणि वाटलं तुला!" ती ओरडायला गेली, पण ते शब्दही अर्ध्यात फुटले. नाचणारे भिंतीला टेकून उभे होते. कुणी कुणाकडे बघेना.

डॉक्टरकडे गेले तेव्हा मी धाकट्याच्या पिशवीत होतो. डॉक्टरीण बाईने विचारलं, "आवाज घोगरा कधीपासून आहे?"

ताई म्हणाली, "त्याला विचारा. माझ्या गळ्याचा हिशोब त्याच्याकडे असतो."

स्वरतंतूवर गाठ होती. वाढली होती. लवकर आला असतात तर थोडक्यात निभावलं असतं, डॉक्टरीण म्हणाली. गाठ काढली, जीव वाचला, गाठीबरोबर आवाज गेला. उरली ती कुजबुज. ती कुजबुजही ताईने धाकट्यावर खर्च केली नाही. तो दारात गेला की ती खिडकीकडे तोंड करून बसायची.

चौघे चार दिशांना गेले. धाकट्याने कराओके बारमध्ये काम धरलं, जिथे गिऱ्हाईकच उठून गातं आणि मागे नुसतं संगीत वाजतं. तिथला माईक मोडला होता, म्हणून त्याने मला ठेवलं. आता माझ्यात कोण कोण गातं म्हणून सांगू? साहेबाला खूश करणारे कारकून, वाढदिवसाच्या पोरी, रुसलेल्या बायकोला गाण्यातून मनवणारा नवरा. सगळ्यांना एको हवा. एकोत गाढवही गवई होतं. धाकटा बटण फिरवतो. त्याचा चेहरा मात्र दगडासारखा असतो.

मागच्या आठवड्यात दुपारी खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्या होत्या, फरशी ओली होती. दार ढकलून ताई आली. गळ्याला रुमाल. धाकट्याने एक खुर्ची उतरवून सरळ ठेवली. तिने मला उचललं. कुजबुजली, "चालू कर."

त्याने मशीन चालू केली. सवयीने त्याचं बोट एकोकडे गेलं. ताईने त्याच्या हातावर फटका मारला.

"ते नको. आहे तसा."

आणि ती गायली. गायली कसली, एक ओळ श्वासावर ठेवली. त्यात सूर नव्हता. माझा पडदा हलला, पण झाडाचं वाळकं पान हलावं तेवढाच. धाकट्याने मान खाली घातली.

"वर बघ. वर्षभर तू एकट्याने ऐकलंस. आता दोघं ऐकू. सांग, कसा आहे?"

धाकट्याने वर बघितलं. "वाईट आहे, ताई. फार वाईट आहे."

"हं." तिने मला टेबलावर ठेवलं. "एवढंच तेव्हा बोलायचं होतंस."

"माफ केलंस?"

"नाही." तिने रुमाल सारखा केला. "पण जेवायला येत जा. एकटीला घास जात नाही." आणि ओल्या फरशीवर जपून पाय टाकत निघून गेली.

माझा पडदा आता चिरलाय. नवा माईक मागवलाय, मी कुठल्या तरी खणात जाईन. तक्रार नाही. एवढंच सांगतो, की माणसाचं बिघडलेलंही त्याचंच असतं, ते आधी त्याला ऐकू द्या. रडेल, चिडेल, तुमच्या अंगावर भांडं फेकेल. फेकू दे. भांडं लागलं तर टेंगूळ येतं, ते उतरतं. ताईच्या गळ्यातून जे गेलं ते कुठल्याच मशीनने परत आणता येत नाही. मी तर मशीनच आहे, मला विचारा.

येतो मी.