साठ किलो जास्त

मॅडमच्या टूथब्रशची अर्धी दांडी करवतीने कापून मामांनी ती माझ्या तळहातावर ठेवली.

"लिहा जावईबापू. पाच ग्रॅम वाचले."

मी लिहिलं. मॅडम समोरच उभ्या होत्या. उरलेला ब्रश दोन बोटांत धरून म्हणाल्या, "मिस्त्री, आता दात घासताना मूठ तोंडात जाईल."

"जाऊ दे की. मुठीचं वजन आधीच धरलंय."

ते खरं होतं. मॅडमना आदल्याच दिवशी मोजलं होतं. गॅरेजच्या आढ्याला इंजिन उचलायची साखळी आहे. तिला मामा मोठ्या डायलचा काटा अडकवतात आणि काट्याला फळीचा झोपाळा. जमिनीखालचं पाणी शोधण्यात उभं आयुष्य घालवलेल्या, लोक ज्यांच्यासमोर आवाज खाली आणतात अशा मॅडम त्या झोपाळ्यावर पाय हलवत बसल्या होत्या आणि मामा डायलकडे बघून म्हणाले होते, "एकोणसाठ. चपला काढा. हां, अठ्ठावन्न."

मामा म्हणजे माझे सासरे. माझं ऐकून मॅडमचा ड्रायव्हरही मामाच म्हणतो. बाकी सगळ्यांचे मिस्त्री. चौतीस वर्षांत त्यांनी त्रेचाळीस गाड्या रानात जायला तयार केल्या. जिथे रस्ता संपतो, मग पायवाट संपते, मग बकऱ्यासुद्धा माघारी फिरतात, त्याच्या पुढे जाणाऱ्या गाड्या. मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बदलायच्या, पोटाखाली लोखंडी पत्रा ठोकायचा, नदी ओलांडताना इंजिनाच्या नाकातोंडात पाणी जाऊ नये म्हणून हवेची नळी छतापर्यंत न्यायची. आणि मग वजन. दारावरच्या पट्टीवर कंपनीने कोरलंय, भरलेली गाडी जास्तीत जास्त एकोणतीसशे किलो. मामांच्या मते ती पट्टी कंपनीने नाही, देवाने कोरली आहे.

ते स्वतः मात्र कधी गेले नाहीत. गाडी तयार झाली की गावाबाहेरच्या वजनकाट्यापर्यंत तिच्यात बसून जायचं, एकोणतीसशेच्या आत आहे हे बघायचं, उतरायचं, चालत घरी. त्रेचाळीस वेळा. दीड-दोन महिन्यांनी गाडी परत आली की आधी इंजिनाची हवा गाळणारी जाळी काढायची, वर्तमानपत्रावर आपटायची आणि पडलेल्या धुळीकडे बघत बसायचं. "खारी जमीन लागली यांना," असं काहीतरी म्हणायचं. एवढाच त्यांचा प्रवास.

या वेळी ते जाणार होते.

कारण मागच्या खेपेला मागचा पाटा तुटला होता. मॅडम आणि ड्रायव्हर नऊ दिवस एका कोरड्या ओढ्यात बसून राहिले. वाट चुकलेला एक उंटवाला भेटला म्हणून वाचले. परत आल्यावर कुणी मामांना शब्दानेही बोललं नाही, आणि ते फार वाईट झालं. मामांनी तुटका तुकडा धुतला, पुसला, गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगला आणि वर्षभर रोज चहा पिताना त्याच्यासमोर बसले. घरात कुणी वारलं की भिंतीवर फोटो लागतो, तसा तो होता. फक्त हार नव्हता.

म्हणून मॅडम म्हणाल्या, "या वेळी मिस्त्री बरोबर असल्याशिवाय मी निघणार नाही. मागची सीट मोकळीच असते."

मामा म्हणाले, "बघू."

मामांचं 'नाही' तिथल्या तिथे येतं. 'बघू' म्हणजे त्यांनी उडीच मारली होती. दुसऱ्या दिवशी ते जाड तळव्याचे, घोट्याच्या वर येणारे बूट घेऊन आले आणि पायाला सवय व्हावी म्हणून घरात घालून फिरायला लागले. जेवायलासुद्धा बूट घालूनच बसायचे.

"काढा ते," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या आमटीत विंचू नसतात."

"चावतात गं अजून. सैल व्हायला हवेत."

"चौतीस वर्षांत मला बाजाराच्या पुढे नेलं नाही यांनी. आणि आता निघालेत कुठं, तर जिथं बाजारच नाही." हे त्या मला सांगत होत्या, पण हाताने मामांच्या पिशवीत लोकरीची टोपी कोंबत होत्या. मामांनी ती पिशवी माझ्या हातून मोजून घेतली. तीन किलो.

मी विम्याच्या ऑफिसात कारकून आहे. माझं अक्षर बरं आहे, हा माझ्यातला एकमेव गुण मामांनी लग्नाच्या बोलणीतच हेरला होता. त्यामुळे यादी माझ्याकडे. यादीचा कागद ठरलेला. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी आखलेला आणि तेव्हापासून झेरॉक्सची झेरॉक्स होत आलेला. रिकामी गाडी, पाणी, डिझेल, दोन जादा चाकं, वाळूतून चाक काढायच्या फळ्या, दोर, जॅक, अवजारं, यंत्रं, माणसं. प्रत्येक वस्तूपुढे वजन. आणि मामांचा नियम असा की ज्या वस्तूचे दोन उपयोग सांगता येत नाहीत ती खाली.

"उशी," ड्रायव्हर म्हणाला. ड्रायव्हर म्हणजे ऐंशी किलोंचा, मिशीवाला, गाडीवर जिवापाड प्रेम करणारा आणि तिला रोज शिव्या देणारा माणूस.

"उपयोग?"

"डोक्याखाली घ्यायला."

"दुसरा?"

ड्रायव्हरने बराच विचार केला. "मिठी मारायला."

"खाली."

"मामा, माणसाला काही भावना?"

"भावनांना वजन नाही. त्या ने हव्या तेवढ्या."

मॅडमचा आरसा यादीत राहिला, कारण त्याने मदतीसाठी उन्हाची तिरीप दूरवर पाठवता येते. ड्रायव्हरची बासरी राहिली, कारण तिने चूल फुंकता येते. सगळं मिळून दोन हजार आठशे शहाण्णव किलो झालं. मी खाली दोन रेघा मारल्या. मामांनी यादी तीनदा वाचली, ओठ हलवत, आणि घडी करून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. सासूबाई दारात उभ्या होत्या. "जपून" वगैरे म्हणाल्या नाहीत. "टोपी घाला," एवढंच म्हणाल्या. मी मोटरसायकलवर गाडीच्या मागे. काट्यापर्यंत निरोप द्यायला आलो होतो. पुढे ड्रायव्हर आणि मॅडम, मागे यंत्रांच्या पेट्यांना खेटून मामा. थंडी नव्हती, तरी लोकरीची टोपी घालून बसले होते. एकसष्टाव्या वर्षी माणूस सहलीला निघालेल्या पोरासारखा दिसू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

वजनकाट्यावरचा माणूस मामांना ओळखत होता. खिडकीतूनच ओरडला, "मिस्त्री, आज आतच बसून?"

"आज आतच," मामा म्हणाले. लाजले होते.

गाडी पत्र्यावर चढली. आकडे पळाले, थांबले. दोन हजार नऊशे साठ.

काटेवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून आकडे उलट्या बाजूने वाचून पाहिले. मामा म्हणाले, "पुन्हा घे." गाडी उतरली, पुन्हा चढली. दोन हजार नऊशे साठ.

मामांनी यादी बाहेर काढली. मीही त्यांच्या खांद्यावरून बघायला लागलो. पाणी बरोबर. डिझेल बरोबर. चाकं, फळ्या, टूथब्रश. माणसं: मॅडम अठ्ठावन्न, ड्रायव्हर ऐंशी. त्याखाली दोन रेघा. माझ्या सुंदर अक्षरात.

वीस वर्षांच्या त्या कागदावर माणसांच्या दोनच ओळी होत्या. मी दोन ओळी भरल्या होत्या. पिशवी मोजली होती, पण तिलाही जागा नव्हती, म्हणून ती लिहिली नव्हती. आणि पाच ग्रॅमसाठी ब्रश कापणाऱ्या माणसाला तीनदा वाचूनही आपण स्वतः यादीत नाही हे कळलं नव्हतं. झोपाळ्यात ते कधी बसलेच नव्हते. डायल वाचायला कुणीतरी खाली लागतोच.

"मामा, माझी चूक," मी म्हणालो.

"तुमची कसली. ओळच नव्हती."

"अहो, साठ किलोने काय होतंय?" ड्रायव्हर म्हणाला. "एक चाक काढू."

मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू तो आईलाच घराबाहेर काढू म्हणाला होता.

"मी एक यंत्र ठेवते," मॅडम म्हणाल्या. त्या यंत्रासाठीच सगळे चालले होते, त्यामुळे ते बोलणं नुसतं सभ्यपणाचं होतं. पण सभ्यपणालाही किंमत असतेच.

"मागच्या वेळी हा आकडा किती होता?" मामांनी विचारलं.

"दोन हजार आठशे नव्वद," काटेवाला वहीत न बघता म्हणाला.

"बघा. दहा किलो कमी. तरी पाटा तुटला. म्हणजे मीच कुठेतरी चुकलो होतो. आणि आता साठ जास्त घेऊन जाऊ?"

ड्रायव्हर चाकाकडे बघायला लागला. मग आकाशाकडे. मग मिशी चावली.

"मामा, एक सांगू? रागावू नका."

"सांग."

"मागच्या वेळी काट्यानंतर... माझी बहीण राहते ना, शेवटच्या वस्तीत. तिच्यासाठी शिलाई मशीन घेतलं होतं. पायाचं. म्हटलं, वाटेतच आहे तर टाकू छतावर."

"मग?"

"बहीण घरी नव्हती."

"मग?"

"मग काय. कुलूप होतं. दारात ठेवलं असतं तर गेलं असतं. म्हणून तसंच पुढे नेलं."

मॅडम वळल्या. "ते ताडपत्रीखाली शिलाई मशीन होतं? नऊ दिवस मी त्याच्या सावलीत बसले!"

"सावली चांगली होती की नाही?" ड्रायव्हर पुटपुटला.

"स्टँडसकट?" मामांनी विचारलं.

"हो."

"बिडाचं?"

"हो."

"छतावर? मागच्या अंगाला?"

"हो मामा."

"अडतीस किलो," मामा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता हात उचलतात. पण ते हसत होते. आधी खांदे, मग पोट, मग सगळेच. वर्षभरात मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "अडतीस! छतावर! अरे गाढवा, मग पाटा तुटणारच. दगडाचा असता तरी तुटला असता. पाटा चांगला होता रे माझा."

मग त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि पिशवी घेऊन पत्र्याच्या बाहेर उतरले.

"मिस्त्री, नाही हां," मॅडम म्हणाल्या. "मी तुमच्याशिवाय जाणार नाही म्हटलं होतं."

"मॅडम, माझा उपयोग काय तिथं? गाडी मोडली तर दुरुस्त करायची. दुसरा सांगा."

मॅडमनी दुसरा शोधायचा खरंच प्रयत्न केला. "गप्पा?"

"गप्पांना ड्रायव्हर आहे. आणि गाडी मी नीट बांधली असेल तर पहिला उपयोगही नाही. मी येतो म्हणजे माझाच माझ्या कामावर विश्वास नाही, असं होतं." त्यांनी लोकरीची टोपी काढून मॅडमच्या हातात दिली. "ही न्या. रात्री थंडी पडते म्हणतात. डोक्याला होते, आणि पाणी गाळायला होते."

आकडा बदलला होता. दोन हजार नऊशे. काटेवाल्याने पावती फाडली. ड्रायव्हरने कानाला हात लावून शपथ घेतली की या वेळी बहिणीकडे फक्त चहाला थांबेन. गाडी पत्र्यावरून उतरली, वळणापर्यंत दिसली, मग तिची धूळ दिसली.

मामा रिकाम्या पत्र्यावर येऊन उभे राहिले होते, पिशवी घेऊन.

"साठ!" काटेवाला खिडकीतून ओरडला. "मिस्त्री, तुमची पावती फाडू?"

"फाड," मामा म्हणाले. पावतीवर गाडी क्रमांकाची जागा रिकामी होती. त्यांनी ती यादीच्या घडीत ठेवली. मोटरसायकलवर बसायला नकोच म्हणाले. मी पहिल्या गिअरमध्ये त्यांच्याशेजारून चालवत राहिलो.

"बूट?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"चावतात," मामा म्हणाले.

घरी सासूबाईंनी दार उघडलं, मामांकडे पाहिलं, टोपी नाही हे पाहिलं, आणि आत जाऊन आणखी एक ताट घेतलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या खिळ्यावर पाट्याचा तुकडा नव्हता. वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला तो अडण म्हणून लावला होता. त्या आठवड्यात मामा सासूबाईंना बाजारात घेऊन गेले, आणि बाजाराच्या पुढेही, नदीपर्यंत. सासूबाईंच्या मते तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. दोन तास बसून आले.

सात आठवड्यांनी गाडी परत आली. मॅडम काळवंडल्या होत्या, ड्रायव्हर बारीक झाला होता, गाडीचा मूळ रंग आठवावा लागत होता. मामा आधी खाली घुसले. बराच वेळ नुसते त्यांचे पाय दिसत होते. मग आवाज आला, "लिहा जावईबापू. पाटे, चारही, शाबूत."

मी लिहिलं. मॅडम आणि ड्रायव्हर सासूबाईंच्या हातचा चहा प्यायला आत गेले. मामांनी हवेची जाळी काढली, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि आपटली. या वेळी खूप धूळ पडली. बारीक, तांबूस, मऊ, इकडे कुठेही नसते तशी. मामा उकिडवे बसून तिच्याकडे बघत राहिले. कुठली जमीन, ते बोलले नाहीत.

मग ते उठले. कोपऱ्यातले बूट आणले, बाकावर बसून घातले, नाड्या बांधल्या. इकडेतिकडे पाहिलं. मी यादीत डोकं घातलं.

वर्तमानपत्र हलकेच चुरचुरलं. त्यांनी धुळीवर उजवा पाय ठेवला. मग डावा.